कामावर गेलेल्या आईचे दूध

अंगावर पाजणारी आई बाळापासून चार-सहा तास दूर राहिली, की छातीत साठलेले दूध काढून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. हे दूध हाताने काढता येते, मुठीत दाबायच्या साध्या पंपाने काढता येते, विजेवरच्या पंपाने काढता येते. गेल्या आठ-दहा वर्षांत त्यात एका साधनाची भर पडली आहे : ब्राच्या आत बसणारा, बॅटरीवर चालणारा पंप. तो लावला की बाटली धरून बसावे लागत नाही, दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाईलवरच्या जाहिरातींत असा पंप लावून बाई लॅपटॉपवर काम करताना दिसते, भाजी चिरताना दिसते. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीतही तो आता कुरिअरने मागवता येतो. पण देवरी तालुक्यात कामाला जाणाऱ्या बायका अनेक तऱ्हांच्या आहेत. ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका आहे, आश्रमशाळेतली शिक्षिका आहे, तहसील कचेरीतली लिपिक आहे, बँकेतली रोखपाल आहे, अंगणवाडी सेविका आहे, आशा सेविका आहे. आणि या सगळ्यांहून कितीतरी अधिक संख्येने धानाच्या रोवणीला जाणारी, मोहफुले वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी बाई आहे. पंपाचा विचार या सर्वांना समोर ठेवून करावा लागतो.

दूध कसे तयार होते हे कळले, की पंपाविषयीच्या निम्म्या शंका फिटतात. गरोदरपणातच स्तन दूध बनवण्याच्या तयारीला लागतात. बाळंतपणात वार पडली की रक्तातले प्रोजेस्टेरॉन एकदम उतरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दूध भरून येऊ लागते. त्याआधी येतो तो पिवळसर, दाट चीक. पुढचे सारे दोन संप्रेरकांवर चालते. प्रोलॅक्टिन दूध बनवते आणि ऑक्सिटोसिन बनलेले दूध पुढे ढकलते. बाळ चोखू लागले, किंवा नुसते त्याचे रडणे कानी पडले, तरी ऑक्सिटोसिन सुटते, दुधाच्या इवल्या पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि पान्हा फुटतो. दुखणे, भीती, संकोच, घाई यांनी हाच पान्हा अडतो. कुणी दार ढकलून आत येईल या धास्तीने बसलेल्या बाईला महागातला महाग पंप लावूनही थेंब थेंब दूध येते, ते यामुळे.

तिसरी गोष्ट स्तनाच्या आतच घडते. दूध बराच वेळ साठून राहिले, की त्या साठ्यामुळेच पेशींचे दूध बनवणे मंदावते. दूध निघाले की पुन्हा वेग घेते. म्हणजे जेवढे निघेल तेवढे बनते. एक ते सहा महिन्यांचे, फक्त अंगावर पिणारे बाळ दिवसाला सरासरी पाऊण लिटरच्या आसपास दूध पिते. आठ तासांची नोकरी आणि जाण्यायेण्याचा वेळ धरला, तर आई नऊ-दहा तास बाहेर असते. तेवढ्या वेळात बाळ घरी असते तर तीन-चार वेळा प्यायले असते. हे दूध काढलेच नाही, तर पहिले काही दिवस छाती दाटते, दगडासारखी घट्ट होते, ब्लाउज भिजतो. नंतर हळूहळू दाटणे थांबते आणि आईला हायसे वाटते. खरा धोका तिथेच असतो, कारण त्या सुमारास दूध कमी झालेले असते. मग घरात ‘हिचे दूध आटले’ असे म्हटले जाते आणि पावडरचा डबा येतो. हे दूध आपोआप आटलेले नसते. कामाच्या वेळात ते काढायला जागा आणि सवड न मिळाल्याने बनायचे थांबलेले असते.

पंप बाळाच्या चोखण्याची नक्कल करतो. नरसाळ्याच्या आकाराचा कप स्तनावर हवाबंद बसतो, मोटर त्यातली हवा ओढते आणि सोडते, आणि बोंडशी कपाच्या नळीत पुढेमागे होते. बाळही आधी भराभर, उथळ चोखते आणि पान्हा फुटल्यावर सावकाश, खोल घोट घेते. म्हणून बऱ्याच विजेवरच्या पंपांत सुरुवातीची दोनेक मिनिटे हलकी आणि जलद ओढ असते आणि त्यानंतर संथ आणि खोल. ओढ वाढवली की दूध वाढते, हा समज चुकीचा आहे. ओढ फार झाली की दुखते, दुखले की पान्हा अडतो. न दुखता जास्तीत जास्त जेवढी ओढ सोसवते, तेवढीच योग्य.

या यंत्राचा इतिहास बराच जुना आहे. अमेरिकेत ऑर्वेल नीडहॅम याने १८५४ साली स्तनपंपाचे पेटंट घेतले. पण असे जुने पंप त्रासदायकच होते. स्वीडनचा अभियंता आयनार एग्नेल याने १९५६ साली आणलेल्या पंपात ओढीची मर्यादा नीट ठरवलेली होती, आणि रुग्णालयांत वापरता येईल असा पंप तिथपासून रुळला. १९९१ मध्ये मेडेला या स्विस कंपनीने घरी वापरायचा विजेवरचा पंप बाजारात आणला. विलो हा ब्रात बसणारा पंप २०१७ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात दाखवला गेला, आणि २०१८ मध्ये लंडनमध्ये एल्व्ही आला. त्यांच्या धर्तीवरचे कितीतरी स्वस्त पंप आता भारतात मिळतात.

हे साधन अमेरिकेत एवढे का वाढले, हेही पाहण्याजोगे आहे. तिथे सर्वांना लागू असा पगारी बाळंतरजेचा देशव्यापी कायदा नाही. १९९३ च्या कायद्याने मिळणारी रजा बारा आठवड्यांची आणि तीही बिनपगारी, आणि ती सगळ्यांना मिळतेच असे नाही. त्यामुळे दीड-दोन महिन्यांचे बाळ घरी किंवा पाळणाघरात ठेवून बायका कामावर रुजू होतात. २०१० च्या आरोग्य कायद्याने तिथल्या विमा कंपन्यांना स्तनपंपाचा खर्च उचलावा लागतो, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने बाळ वर्षाचे होईपर्यंत दूध काढण्यासाठी सुट्टी आणि न्हाणीघराव्यतिरिक्त आडोशाची जागा देणे बहुतेक मालकांवर बंधनकारक झाले. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या मराठी आज्यांना फ्रीजमध्ये तारीख घातलेल्या दुधाच्या पिशव्यांची चळत दिसते, ती या व्यवस्थेतून आलेली असते. रजा तोकडी पडली, म्हणून तिथे यंत्र मोठे झाले. भारतात नोंदणीकृत नोकरीतल्या आईला सव्वीस आठवडे मिळतात. ते आधी हक्काने घ्यावेत आणि पंपाचा विचार त्यानंतर करावा, हा क्रम उलटा होऊ नये.

हात मोकळे ठेवण्याच्या तीन तऱ्हा आहेत. सर्वांत जुनी आणि स्वस्त तऱ्हा म्हणजे नेहमीचाच विजेवरचा पंप, पण त्याचे कप धरून ठेवणारी, पुढे छिद्रे असलेली ब्रा. जुन्या घट्ट ब्राला योग्य जागी छिद्रे पाडूनही हे काम भागते. दुसऱ्या तऱ्हेत दूध जमा करणारे कप ब्रात बसतात आणि पातळ नळीने कमरेच्या किंवा टेबलावरच्या मोटरला जोडलेले असतात. तिसऱ्या तऱ्हेत मोटर, बॅटरी आणि दुधाचा कप असे सगळेच एकत्र ब्राच्या आत असते. यात नळी नाही, वायर नाही. ओढणी किंवा पदर घेतला तर समोरच्याला कळतही नाही. पण मोटर छोटी असल्याने पुष्कळ बायकांना मोठ्या पंपापेक्षा यातून दूध कमी येते. कप अपारदर्शक असला तर बोंडशी नळीच्या मधोमध बसली आहे की नाही ते दिसत नाही. एका कपात शंभर-दीडशे मिलिलिटर मावते, त्यापुढे तो रिकामा करावा लागतो. म्हणून दिवसभर केवळ पंपावरच अवलंबून असलेल्या आईने, विशेषतः दूध अजून स्थिरावलेले नसताना, पहिला पंप म्हणून हा घेऊ नये. ज्या आईला दूध पुरेसे आहे आणि दिवसातून एक-दोनदा ऑफिसात दूध काढायचे आहे, तिला तो खरोखर सोयीचा ठरतो.

कोणताही पंप असो, कपाच्या नळीची रुंदी बोंडशीला साजेशी हवी. डब्यात बहुधा २४ किंवा २७ मिलिमीटरचे कप येतात, आणि कित्येकींना त्याहून लहान लागतात. बोंडशीच्या बुडाची रुंदी पट्टीने मोजून त्याच्या जवळपासचा कप निवडावा. कप मोठा झाला तर भोवतालचा काळा भाग आत ओढला जाऊन सुजतो, लहान झाला तर बोंडशी घासून चिरते. पंप लावल्यावर दूध येत नाही, अशी तक्रार करणाऱ्या बाईचा पंप बिघडलेला असतोच असे नाही. बऱ्याचदा कपाचे माप चुकलेले असते किंवा आतली रबरी झडप सैल झालेली असते. ही झडप दोन-तीन महिन्यांनी बदलायची वस्तू आहे, हे दुकानदार क्वचितच सांगतात.

किमतींचा अंदाज असा : हाताने दाबायचा पंप पाचशे ते दीड हजारांत, विजेवरचा साधा पंप दोन ते पाच हजारांत, ब्रात बसणारा तीन-चार हजारांपासून वर, परदेशी बनावटीचा वीस हजारांच्याही पुढे. घरातल्या जावेचा किंवा नणंदेचा जुना पंप वापरावा असे वाटणे साहजिक आहे. पण घरगुती पंपांपैकी पुष्कळांत दूध किंवा त्याची वाफ मोटरपर्यंत जाऊ शकते आणि तो भाग धुता येत नाही. रुग्णालयातला अनेकींनी वापरायचा पंप मुळात वेगळ्या बनावटीचा असतो आणि तिथेही प्रत्येकीचा नळी-कपाचा संच स्वतंत्र असतो.

आता रोवणीचे. देवरी, चिचगड, सालेकसा, आमगाव हा सगळा धानाचा पट्टा. जुलै-ऑगस्टमध्ये परे उपटून बांधीत लावायचे काम बायकाच करतात. सकाळपासून घोटाभर चिखलात कमरेत वाकून, दोन्ही हातांनी. जागतिक स्तनपान सप्ताह १ ते ७ ऑगस्टला येतो, म्हणजे नेमका रोवणीच्या ऐन दिवसांत. त्या आठवड्यात आरोग्य केंद्रात फलक लागतात आणि ज्यांच्यासाठी ते लागतात त्यातल्या कितीतरी जणी बांधीत असतात. हात मोकळे ठेवणारा पंप खरे तर हिच्याच कामाचा वाटावा, कारण तिच्याइतके हात दुसऱ्या कुणाचेच गुंतलेले नसतात. पण ब्रात बसणारा पंप वाकले की बहुधा गळतो. त्याच्या बरोबर दिलेल्या सूचनांतच पुष्कळदा फार वाकू नये असे लिहिलेले असते. शिवाय चिखलाचे हात, धुवायला स्वच्छ पाणी नाही, थंड ठेवायला काही नाही, आणि किंमत हंगामाच्या मजुरीचा मोठा घास घेणारी. हे साधन तिच्यासाठी बनवलेलेच नाही. तिला उपयोगी पडते ते वेगळे : बाळाला आजीने किंवा थोरल्या बहिणीने धुऱ्यावर आणणे, दर दोन-तीन तासांनी हातपाय धुऊन सावलीत त्याला पाजायला मिळणारी पंधरा-वीस मिनिटे, आणि ती मिनिटे मजुरीतून न कापणारा शेतमालक. बाळ आणता येत नसेल, तर हाताने दूध काढण्याची कला.

ही कला प्रत्येक बाळंतिणीला यायला हवी, मग तिच्याकडे पंप असो वा नसो. तिला वीज लागत नाही, सुटे भाग लागत नाहीत. पद्धत अशी. हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. उकळून घेतलेली रुंद तोंडाची वाटी किंवा पेला मांडीवर ठेवावा. बाळाचे झबले जवळ घ्यावे किंवा मोबाईलमधला त्याचा फोटो पाहावा. याने पान्हा लवकर फुटतो. ओल्या कोमट फडक्याने दोनेक मिनिटे शेकून बोटांनी हलक्या हाताने स्तन चोळावा. मग अंगठा वर आणि पहिली दोन बोटे खाली, अशी बोंडशीपासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर मागे, काळ्या भागाच्या कडेवर ठेवावीत. आधी बोटे सरळ मागे छातीच्या पिंजऱ्याकडे दाबायची, मग एकमेकांकडे आणायची आणि सोडायची. दाबणे, जवळ आणणे, सोडणे, तालात. बोटे कातडीवरून घसरता कामा नयेत आणि बोंडशी मुळीच पिळू नये, तिच्यात दूध नसते. पहिले मिनिटभर काहीच येत नाही, मग थेंब येतात, मग बारीक धारा उडू लागतात. धार मंदावली की बोटांची जागा फिरवायची, आणि काही मिनिटांनी दुसरी बाजू घ्यायची. दोन्ही बाजू मिळून वीस-तीस मिनिटे लागतात. सवय झाली की काहींचे काम त्याहूनही लवकर आटोपते. दुखत असेल तर पद्धत चुकते आहे असे समजावे.

पहिल्या दोन-तीन दिवसांतला चीक तर हातानेच काढावा. तो चमचा-दोन चमचेच असतो. पंपात तो कपाला आणि नळीला चिकटून वाया जातो.

काढलेले दूध टिकवणे हा देवरीतला सर्वांत अवघड भाग आहे. नेहमी सांगितले जाणारे आकडे असे : २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत चार तास, फ्रीजच्या आतल्या बाजूला ४ अंशांवर चार दिवस, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये सहा महिने. वेगवेगळ्या मार्गदर्शिकांत हे आकडे थोडे मागेपुढे असतात. पण मे महिन्यात पूर्व विदर्भात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा खोलीतली चार तासांची मुदत कागदावरच राहते. अशा दिवसांत दूध काढले की लगेच थंड करावे. गोठवलेल्या बर्फाच्या पाकिटांसह चांगल्या प्रतीच्या थंड पिशवीत ते चोवीस तासांपर्यंत ठेवता येते. पिशवी सावलीत ठेवावी आणि उगाच उघडू नये. माठाशेजारी किंवा ओल्या फडक्यात ठेवल्याने दूध थोडे गार राहते, पण माठ फ्रीजची जागा घेऊ शकत नाही. पावसाळ्यात वादळाने वीज गेली, तर फ्रीझरचे दार बंद ठेवावे. दूध पुरते वितळले असेल तर ते पुन्हा गोठवू नये. अजून गार असेल तर फ्रीजमध्ये ठेवून चोवीस तासांच्या आत वापरावे, नाहीतर टाकून द्यावे. आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रीजमध्ये आणि लसवाहक डब्यात दूध ठेवता येत नाही. तिथे लसींशिवाय दुसरे काहीही ठेवायचे नाही, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. म्हणून परिचारिकेसाठीही कर्मचाऱ्यांचा वेगळा छोटा फ्रीज लागतो.

दूध ५०-६० मिलिलिटरच्या छोट्या वाट्यांत साठवावे आणि तारीख-वेळ लिहावी, म्हणजे उरलेले टाकताना जीव हळहळत नाही. ठेवल्यावर वर साय जमते, खाली निळसर पातळ दूध राहते. ते नासलेले नसते, हलकेच हलवले की एकजीव होते. गाईचे दूध उकळून घ्यायची सवय घराघरांत असते, पण आईचे दूध उकळायचे नाही आणि चुलीवर किंवा मायक्रोवेव्हमध्येही तापवायचे नाही. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून कोमट करावे. कोमट केलेले, बाळाने उष्टे केलेले दूध दोन तासांपुढे ठेवू नये. उन्हातून आलेल्या बाईचे पहिले दूध बाधते म्हणून ते पिळून टाकायची समजूत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. बाईला तहान लागलेली असते हे खरे, पण तिचे दूध उन्हाने तापत वा नासत नाही. पाणी आईने प्यावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही.

भांडी धुण्याबाबत आळस चालत नाही. दूध लागलेला प्रत्येक भाग सुटा करून आधी गार पाण्याने, मग वेगळ्या घमेल्यात गरम पाणी आणि साबणाने घासून धुवावा, दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळावा आणि फडक्याने न पुसता जाळीवर वाळवावा. ब्रातल्या पंपाला झडपा आणि पडदे जास्त असतात, म्हणजे हेही काम जास्त. जाहिरातीत वाचलेला वेळ दाखवतात, मोरीवर गेलेला दाखवत नाहीत. बाळाला हे दूध बाटलीने देण्यापेक्षा वाटी-चमच्याने द्यावे. आपल्याकडे त्यासाठी बोंडले होतेच : चोच असलेली छोटी वाटी, घरोघरी चांदीची किंवा पितळेची. रुग्णालयांत आज हेच स्टीलचे मिळते. ते उकळायला सोपे, आणि चोच थेट ओठाला लागल्याने बाळ जिभेने दूध ओढून घेते. आई कामावरून परतली की बाळ पुन्हा अंगावर घ्यायला कां-कू करत नाही, हाही त्याचा फायदा आहे.

नोकरीवर रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी दिवसातून एकदा, बहुधा सकाळच्या पाजण्यानंतर, दूध काढायला सुरुवात करावी. कामावर असताना साधारण दर तीन तासांनी काढावे. निघण्याआधी आणि परतल्यावर लगेच बाळाला अंगावर घ्यावे. रात्रीचे पाजणे चालू ठेवावे, कारण प्रोलॅक्टिन रात्री अधिक असते. एका वेळी ६० ते १२० मिलिलिटर निघाले तर ते नेहमीचेच आहे. दुसरीच्या भरलेल्या बाटलीचा फोटो पाहून स्वतःला कमी लेखू नये. गरज नसताना पहिल्या आठवड्यांतच पंप लावून भराभर साठा करण्याच्या मागे लागू नये. त्याने दूध गरजेपेक्षा वाढते आणि छातीत गाठी धरतात. गाठ लाल होऊन ताप आला तर पूर्वी जोराने चोळून, शेकून स्तन पुरता रिकामा करा असे सांगत. २०२२ पासून तज्ज्ञांचा सल्ला बदलला आहे : जोरात चोळू नये, गार शेक द्यावा, बाळाला नेहमीसारखे पाजत राहावे, पंपाने जादा काढू नये, आणि दिवसभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

सर्वांत निकडीची गरज असते ती कमी दिवसांच्या बाळाच्या आईची. बाळ दीड किलोचे असते, त्याला चोखण्याचे बळ नसते आणि देवरीहून साठ-सत्तर किलोमीटरवर गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयातल्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षात ते हलवले जाते. अशा वेळी आईने बाळंतपणानंतर सहा तासांच्या आत दूध काढायला सुरुवात करावी आणि चोवीस तासांत आठ वेळा काढावे, रात्रीही. सुरुवातीचा एक मिलिलिटर चीकदेखील सिरिंजमधून बाळाच्या तोंडात जातो आणि त्याला जंतुसंसर्गापासून वाचवायला मदत करतो. याच कामासाठी मुंबईत धारावीला लागून असलेल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दुधपेढी सुरू केली. तिथे गरीब वस्त्यांतल्या आयांचे जादा दूध तपासून, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, गोठवून ठेवले जाते आणि आईचे दूध न मिळणाऱ्या अशक्त बाळांना दिले जाते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या रुग्णालयांत दुधपेढी, त्याखालच्या रुग्णालयांत आईचेच दूध काढून साठवण्याची सोय, आणि प्रसूती होणाऱ्या प्रत्येक ठिकाणी स्तनपानाचा सल्ला व मदत अशा तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. देवरीसारख्या ठिकाणी तिसरी पायरी पक्की झाली, तरी पुष्कळ साधेल. आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातेच. त्यातल्या एका भेटीत हाताने दूध काढणे प्रत्यक्ष करून दाखवायला दहा मिनिटे पुरतात.

कायद्याने काय दिले आहे, तेही ठाऊक असावे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा बंधनकारक झाली. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज पाजण्यासाठी दोन सुट्ट्या १९६१ च्या मूळ कायद्यापासून आहेत, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला पूर्ण मजुरीवर नेमावे असे लिहिले गेले. पण शेतमजुरीला, तेंदूपत्त्याला, छोट्या दुकानाला यातले काहीच लागू होत नाही. आशेचा मोबदलाही बराचसा कामागणिक असतो. खाडा पडला की पैसा बुडतो.

एस.टी. स्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत स्तनदा मातांसाठी जी खोली असते, तिला महाराष्ट्राने रायगडच्या हिरकणीचे नाव दिले. दंतकथेतली हिरकणी गडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून गेली. तिच्या धाडसाचे कौतुक सगळेच करतात. दरवाजा तिच्यासाठी उघडला असता तर त्या धाडसाची वेळच आली नसती. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचे बाळ घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या, त्यानंतर विधानभवनात हिरकणी कक्षाची सोय झाली. आणि पुढच्याच अधिवेशनात हिरकणी कक्ष वापरण्याजोगा नसल्याची तक्रार त्यांना करावी लागली. आमदाराची ही गत, तर आश्रमशाळेतल्या शिक्षिकेने कुणाला सांगायचे? पुष्कळ कचेऱ्यांत दूध काढायला उरते ते संडास-बाथरूम, आणि तिथे काढलेले दूध कुणी आपल्या बाळाला पाजणार नाही.

या कामाला लागणारी खोली मोठी नको. आतून लागणारी कडी, एक खुर्ची, एक प्लग, हात धुवायला नळ आणि साबण, आणि शक्य तर छोटा फ्रीज, एवढे पुरते. देवरीतल्या प्रत्येक कचेरीच्या, शाळेच्या, बँकेच्या आणि रुग्णालयाच्या प्रमुखाने आपल्या इमारतीत अशी एक जागा आजच शोधावी आणि तिची किल्ली पुरुष कर्मचाऱ्याच्या खिशात नव्हे, बायकांच्या हाताशी ठेवावी. घरच्यांनी पंपावर चार हजार खर्च करण्याआधी बाळंतिणीला ग्रामीण रुग्णालयात किंवा गावच्या आशेकडे नेऊन हाताने दूध काढायला शिकवून घ्यावे. ते फुकट आहे, आणि पंप आला तरी वाया जात नाही.